आईच्या हातचं आजारपण

ईरा आणि नील,

मागच्या आठवड्यात फोनवर ईराने मला विचारलं, "आजी, तू आजारी होतीस तेव्हा तुझी आई तुझ्याजवळ नव्हती?" मागून तुमचे बाबा हळू आवाजात काहीतरी म्हणाले आणि विषय बदलला. मला वाईट वाटेल अशी समीरला भीती वाटली असणार. मला वाईट वाटलं नाही. इतक्या लोकांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी स्वतः मात्र ते सगळे महिने तोच विचार करत होते.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे. मलाही लिहायला वेळ लागतो, बोटं दमतात, म्हणून थोडं थोडं लिहिते. तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी असा आजार आला, तर त्यांनाही हे वाचून दाखवा.

रस्त्यात राहिलेली चप्पल

दादरच्या बाजारातून भाजी घेऊन घरी येत होते. मागून एक फुलवाली ओरडली, "ओ आजी, चप्पल!" वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल तिच्या टोपलीपाशी उलटी पडली होती आणि मी बरीच पुढे आले होते. डावा पाय अनवाणी, खाली ओला रस्ता, आणि मला पत्ता नाही. तिने चप्पल आणून दिली आणि विचारलं, लक्ष कुठे आहे. मी हसले. ती हसली. माझं लक्ष नेहमीसारखंच जागेवर होतं, म्हणून तर मला भीती वाटली.

संध्याकाळी दोन्ही पावलांना मुंग्या आल्या. आजोबांचं म्हणणं पडलं की मी दुपारी मांडी घालून फार वेळ बसले होते. दुसऱ्या दिवशी मला मोरीचा उंबरठा ओलांडता येईना. तिसऱ्या दिवशी आम्ही परळच्या एका मोठ्या रुग्णालयात होतो.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. पुन्हा ठोकलं. आजोबा माझ्या गुडघ्याकडे असे रागाने बघत होते, जणू तो मुद्दाम हट्ट करतोय. मग पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं आणि आजाराचं नाव कळलं. गुलियन बॅरे. सगळे त्याला जीबीएस म्हणतात. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती चुकून आपल्याच नसांवर उठते. पायांपासून सुरुवात होते आणि वर वर चढत जातं. कुठे थांबेल ते आधी सांगता येत नाही. बहुतेक लोक बरे होतात, पण किती बरे होतील तेही आधी सांगता येत नाही.

मी डॉक्टरांकडून ते नाव कागदावर लिहून घेतलं. मला प्रत्येक गोष्ट नीट लिहिलेली लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. आजोबांनी फोनवर ते शोधलं, थोडा वेळ वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मग मला म्हणाले, "काही विशेष नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना अजून खोटं बोलता येत नाही.

एका श्वासात

अतिदक्षता विभागात डॉक्टर मला सकाळ-संध्याकाळ एक काम सांगत. मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोठ्याने म्हणायचे. श्वासाचे स्नायू कितपत टिकून आहेत ते त्यावरून कळतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, जन्मभर इंग्रजीत नोकरी केली, पण तिथे तोंडात आकडे आले ते मराठीच. अंक आईने शिकवले होते, त्यामुळे असेल.

रोज माझे आकडे कमी होत गेले. फार कमी झाले तर नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागेल, हे मला स्पष्ट सांगितलं होतं. एकदा मी युक्ती केली आणि भरभर मोजले. डॉक्टर म्हणाले, "बाई, शर्यत नाहीये ही. सावकाश." मी पुन्हा मोजले. आधीच्या निम्मे सुद्धा झाले नाहीत.

हातही गेले होते. घास भरवावा लागे. वॉर्डातल्या एक मावशी मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत आणि वळवताना दर वेळी माझ्या केसांचा अंबाडा सोडवून पुन्हा घालत, म्हणजे तो डोक्याखाली टोचू नये. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आजोबांना दिवसातून थोडाच वेळ आत सोडत. ते यायचे, घड्याळ काढून खिशात ठेवायचे आणि पेपरातली शब्दकोड्यं मला वाचून दाखवायचे. उत्तरं मी सांगायची. तेवढं डोकं चालू आहे ना, याची ते खात्री करून घेत असावेत.

सगळ्यात मोठी भीती मात्र वेगळी होती. चादरीखाली माझे पाय कुठे आहेत ते मला कळत नसे. दुखत नव्हते, जड नव्हते, काहीच नव्हते. मी नर्सला विचारायची, "माझे पाय सरळ आहेत ना?" ती चादर वर करून बघायची आणि हो म्हणायची. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारायची.

त्या दिवसांत मला आई हवी होती. मी सत्तरी ओलांडलेली बाई, नातवंडं असलेली. आई जाऊन काही वर्षं झाली होती. तरी मला तीच हवी होती.

काळजी नसलेली मुलगी

आता तुमच्या पणजीबद्दल सांगायला हवं. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती खूप म्हातारी होती आणि नीलला तिच्या हातावरच्या शिरा दाबून बघायला आवडायचं.

आई लग्न होऊन गिरगावच्या चाळीत आली. दोन खोल्यांत सासू, सासरे, दोन दीर आणि पुढे आम्ही दोन भावंडं. मी लहान असताना तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अर्धांगवायू झाला. ते कित्येक वर्षं लोखंडी पलंगावर होते आणि त्यांचं सगळं आईने केलं. ते गेल्यावर पलंग, बॅकरेस्ट आणि युरिन पॉट घरात उरला. बॅकरेस्ट म्हणजे पलंगावर टेकून बसता यावं म्हणून पाठीमागे ठेवायची तिरकी चौकट. पुढच्या चाळीतल्या एकांच्या वडिलांना गरज लागली, ते मागायला आले. आईने सामान दिलं. मग त्यांच्या ओळखीचे कोणीतरी आले. मग लोक आपापल्या घरचं उरलेलं सामान आणून द्यायला लागले. वॉकर, कमोडची खुर्ची, कुबड्या. चाळीने जिन्याखालची जागा दिली. पुढे त्याचं रुग्णसाहित्य केंद्र झालं, बायकांचं मंडळ झालं, चाळ पाडायला घेतली तेव्हा ते परळला एका तळमजल्यावरच्या खोलीत गेलं. आज ते आईच्या हाताखाली तयार झालेली सुषमा चालवते.

आईचा एक नियम होता. सामान नेणाऱ्याकडे तिने कधी दाखला मागितला नाही, गरीब आहात की श्रीमंत ते विचारलं नाही. पण सामान गेलं की आठवड्याभरात आपण त्या घरी जायचंच. "पलंगाचे स्क्रू बघायला आले," असं ती दारात सांगायची. दुपारी आमची जेवणं झाली की एका पिशवीत भाजी, एका पिशवीत पाना घालून ती निघे. चार वाजेपर्यंत परत. आमचा संसार, सासूबाईंची औषधं, वडिलांचा डबा, दिरांची लग्नं, सगळं करून ती वर्षानुवर्षं दुपारी लोकांचे स्क्रू बघायला जात राहिली.

ती तिथे जाऊन काय करायची, ते मी कधी पाहिलं नाही. मुलांना न्यायची नाही. माझा धाकटा भाऊ सारखा आजारी पडायचा, म्हणून त्याला घरबसल्या थोडंफार मिळालं. टॉन्सिल्स, गोवर, एकदा विषमज्वर. आई त्याच्या उशाशी असायची आणि मी स्वयंपाकघरात कुकर लावायची. मला काही म्हणता काही होत नसे. काखेत कांदा धरला की ताप चढतो असं शाळेत कोणीतरी सांगितलं होतं. तेही करून पाहिलं. ताप आला नाही, वास तेवढा आला. आईने मला आंघोळीला पाठवलं.

पाहुण्यांना ती माझ्याबद्दल कौतुकाने सांगायची, "हिची मला काळजीच नाही." तेव्हा मी मान ताठ करायची. नंतर, मोठेपणी, हे वाक्य कधी कधी भलत्या वेळी आठवे आणि टोचे.

आणि तिनेही आम्हाला तिचं काही करू दिलं नाही. नव्वदीनंतर एका सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसल्या बसल्या गेली. इतक्या लोकांना पलंग पुरवणारी बाई, स्वतः एकदाही पलंगाला खिळली नाही. तिने माझं आजारपण काढलं नाही आणि मी तिचं काढलं नाही. आजारी पडायला मला फार उशीर झाला.

दुकानातून आलेला पलंग

आकडे कमी व्हायचे एके दिवशी थांबले. मग थोडे वाढले. यंत्र लावायची वेळ आली नाही. काही आठवड्यांनी मला घरी सोडलं. हात खांद्यापासून हलत होते, बोटं नव्हती हलत. गुडघ्याखाली काहीच नव्हतं.

तुमचे बाबा तेव्हा महिनाभर इथे होते. त्यांनी माझ्यासाठी नवा मोटरचा पलंग, नवी चाकाची खुर्ची, सगळं दुकानातून मागवलं. मी केंद्राचं नाव काढलं, तेव्हा दोघेही बापलेक एका सुरात म्हणाले की ते गरजूंसाठी आहे, आपल्याला परवडतंय तर आपण कशाला अडवून ठेवायचं. मलाही ते पटलं. आपल्यासारख्या घरांत ही चूक फार सज्जनपणे होते.

मग समीर परत गेला आणि दिवस फार लांब झाले. सकाळी फिजिओथेरपीसाठी नेहा यायची. ती मला डोळे मिटायला सांगे आणि पायाच्या बोटांना हात लावून विचारे, आता कुठे लावला? अंगठा? करंगळी? टाच? मला काहीच कळत नसे. तरी मी काहीतरी उत्तर द्यायची, कारण परीक्षेत कोरी जागा सोडायची नाही हे अंगात मुरलेलं. कधी बरोबर यायचं. तेव्हा आजोबा दारातून टाळ्या वाजवत. ते अंदाजाने आलं होतं हे मला माहीत होतं, आणि माझ्या मते नेहालाही माहीत होतं.

हातांचं लवकर सुधारेल, पायांची संवेदना कधी येईल आणि येईल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पाय हलायला लागले तरी संवेदना नसेल तर चालणं कठीण. पायाखाली जमीन आहे हे बघून ठरवावं लागतं. दिवा गेला की माणूस जागच्या जागी उभा.

घरात चिडचिड वाढली. आजोबांनी माझ्या औषधांचं, व्यायामाचं, पाण्याचं वेळापत्रक भिंतीला लावलं होतं आणि ते त्याप्रमाणे मला उठवत, बसवत. मी एकदा म्हटलं, "अहो, मी फाइल नाही." ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठमोरे किती वेळ उभे होते. मला उठून त्यांच्याजवळ जाता येत नव्हतं, आणि मोठ्याने हाक मारायचा धीर होत नव्हता.

स्क्रू बघायला

एका दुपारी सुषमा आली. दारातून थेट पलंगाकडे गेली, त्याचा रिमोट हातात घेतला, वर-खाली करून पाहिला.

"छान आहे," म्हणाली. "ताई, घरचं केंद्र असताना तुमचा पलंग दुकानातून आला? काकू असत्या तर बंद कर केंद्र म्हणून त्यांनी माझ्या हातात कुलूप दिलं असतं."

आजोबांनी गरजूंबद्दल सांगायला सुरुवात केली. सुषमाने त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि मग विचारलं, "म्हणजे ताईंना गरज नाही?"

मग तीच जरा मऊ आवाजात म्हणाली की सामान तर कुठेही मिळतं हो, पण आमच्याकडून काही नेलंच नाहीत तर आम्ही यायचं कोणत्या तोंडाने? उगीच कोणाच्या घरी जाऊन आजारी माणसाकडे बघत बसायचं?

तोपर्यंत माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. पाना घेऊन आई का जायची, ते.

मी आजोबांना म्हटलं, आपण एक बॅकरेस्ट घेऊ या. पलंग आपोआप बसता होतो, बॅकरेस्टचं काय करणार, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मग मिटलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः परळला जाऊन बॅकरेस्ट घेऊन आले. ती अजून कपाटामागे आहे. सुषमा दर गुरुवारी ती बघायला येते.

पहिल्याच गुरुवारी ती मटार घेऊन आली. माझ्या मांडीवर पेपर पसरला आणि शेंगा ओतल्या. माझी बोटं तेव्हा जेमतेम वाकायला लागली होती.

"काकूंनी माझ्या पोटावर मेथी ठेवली होती," ती म्हणाली.

सुषमा लग्न होऊन नुकतीच परळला आली होती तेव्हा जिन्यावरून पडली होती. कमरेला प्लास्टर, कित्येक महिने उताणं पडून राहायचं. सासू धड बोलायची नाही, नवरा रात्रपाळीला. आई पलंगाचे स्क्रू बघायला आली. स्क्रू खरंच बघितले. मग खुर्ची ओढून बसली. कशी आहेस, दुखतंय का, काही विचारलं नाही. सुषमाच्या प्लास्टरवर वर्तमानपत्र पसरलं आणि मेथीची एक जुडी ठेवली, दुसरी स्वतः घेतली. "म्हणाल्या, मला चारपर्यंत घरी जायचंय, जरा हात लाव. ताई, त्या दिवसांत मला कोणी काही करायला सांगत नव्हतं. पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजायचं. आणि ह्या बाईला माझी घाई!"

मग ती हसायला लागली. "आडवं पडून मला काय दिसत होतं? काड्या तशाच राहायच्या. मी म्हणायचे, काकू, घरी गेल्यावर परत एकदा बघा हं. त्या म्हणायच्या, कशाला? चांगली निवडलीस."

ईरा, नील, आमच्या घरी मेथीच्या भाजीत नेहमी काड्या असायच्या. गवारीला शिरा असायच्या. माझा भाऊ आणि मी आईला चिडवायचो की तिला भाजी निवडता येत नाही. ती म्हणायची, उद्या नीट बघते. माझे वडील काही बोलत नसत. ते एकेक काडी काढून ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवत आणि जेवण झाल्यावर भाजी चांगली झाली म्हणून सांगत. त्यांना माहीत असणार.

सुषमा पडली तेव्हा माझं लग्न होऊन मी दादरला आले होते. म्हणजे आमच्या ताटातल्या काड्या तिच्या नव्हत्या. तिच्या आधीच्या कोणाकोणाच्या होत्या. गिरगावातले, ठाकुरद्वारचे, कुठकुठले आजारी लोक आमची भाजी निवडत होते आणि ती आम्ही खात होतो. त्यांची नावं आता कोणाला विचारणार?

त्या दिवशी माझ्याकडून मोजक्याच शेंगा सोलून झाल्या. दाणे घरंगळत पलंगाखाली जात आणि आजोबा वाकून ते वेचत. सुषमाने सगळे दाणे डब्यात भरले, धुळीतले सुद्धा, आणि रात्री उसळ करणार म्हणून सांगून गेली. पुढच्या गुरुवारी आल्यावर उसळ कशी झाली तेही सांगितलं. मीठ जास्त पडलं होतं.

मला आईचा वाटा मिळाला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. उशिरा, दुसऱ्याच्या हातून, पण मिळाला. खरं सांगायचं तर तेवढ्याने भागलं नाही. सुषमा गेली की आई अजूनच हवीशी वाटायची.

लालबागची तन्वी

हळूहळू बोटं आली. चमचा धरता आला, मग बटण, मग पेन. पायांत ताकद आली आणि वॉकर धरून मी घरात फिरायला लागले, खाली बघत. नजर पायांवरून हटली की पाय माझे राहत नसत. नेहाच्या परीक्षेत अजून अंदाजच चालू होते.

तेव्हा सुषमाने मला एक काम सांगितलं. लालबागला एका चाळीत तळमजल्यावर तन्वी नावाची कॉलेजातली मुलगी आहे. तिलाही जीबीएस. केंद्राचा पलंग तिच्याकडे आहे. रुग्णालयातून घरी आल्यापासून ती कोणाशी बोलत नाही. तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही जाऊन या.

मी टॅक्सीने गेले. आजोबा बरोबर आले, पण खोलीत आले नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये कोणीतरी दिलेल्या स्टुलावर पेपर उघडून बसले. मी पिशवीत मटार नेले होते. मनात सगळं ठरवून गेले होते, आधी काय सांगायचं, नंतर काय.

खोली लहान, पलंगाने भरून गेलेली. तन्वीची आई रंजना पलंगाच्या पायथ्याशी बसून मुलीच्या पायांना तेल लावत होती. चाळिशीची, मूळ मालवणकडची. माझ्यासाठी तिने खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, "तुम्ही उठू नका, तुमचं चालू द्या." ती पुन्हा तेल लावायला बसली.

मी तन्वीला सगळं व्यवस्थित सांगितलं. चप्पल, आकडे, हात कसे परत आले, कोणता व्यायाम आधी करायचा. फारच व्यवस्थित सांगितलं. तिचं लक्ष हातातल्या मोबाइलकडे होतं, अंगठा तेवढा हलत होता. मटार पुढे केले तर तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला मटार आवडत नाहीत." मी पिशवी खाली ठेवली. आईला हे कसं जमायचं, कोण जाणे.

मग तन्वीने मला एकच विचारलं. "तुम्हाला आता पायाला कळतं?"

रंजनाचा हात थांबला. हो म्हणणं सोपं होतं. अंदाजाने उत्तर द्यायची सवय मला होतीच.

"हाताला कळतं," मी म्हटलं. "पायाला अजून नाही."

तन्वीने मोबाइल उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तिला झोप लागल्यासारखी वाटली. रंजना तेल लावत राहिली, टाचेपासून बोटांपर्यंत, पुन्हा टाचेपासून. मी बघत होते. तुम्ही मोठी माणसं झालात की कदाचित तुम्हाला हे समजेल. त्या आजारी मुलीचा मला हेवा वाटला. माझ्या वयाला तो शोभला नाही, तरी वाटला.

निघायला हवं म्हणून मी वॉकर ओढला. रंजनाचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"पाय बघा कसे सुजलेत तुमचे," ती मांडी थोपटत म्हणाली. "हयसर ठेवा. वर घ्या."

मी नको म्हटलं. परक्या बाईने आपल्या पायांना हात लावायचा म्हणजे मला कसंतरीच झालं. ती म्हणाली, "असांदे ओ. ती झोपली. माझे हात रिकामे ऱ्हवत नाय." आणि माझा डावा पाय तिने उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. वाटीतलं तेल कोमट होतं की गार, मला कळलं नाही. तिचे हात फिरताना मी नुसती पाहत होते, दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसं.

पाहता पाहता दमले आणि डोळे मिटले.

डोळे मिटले तरी तिचा हात मला सापडत होता. आधी वाटलं, लक्षात आहे म्हणून वाटतंय. मग तो टाचेवरून आतल्या बाजूला सरकला, आणि तो सरकला हे मला न बघता कळलं. तिथे काहीतरी घासत होतं. भांडी घासायच्या काथ्यासारखं.

"खरखरीत," मी म्हटलं.

रंजनाने हात मागे घेतला. "भांड्यांनी झालेत ओ ते असे," ती ओशाळून म्हणाली. "दुखलं काय?"

"नाही. थांबू नकोस."

पलंग करकरला. तन्वी झोपली नव्हती. तिने तोंड आमच्याकडे वळवलं असावं, कारण तिचा आवाज अगदी जवळून आला.

"कुठे कळलं?"

"टाचेला," मी सांगितलं, आणि डोळे उघडले नाहीत.